आर१५ व्ही२ (२०१३) : २५ हजारांत काय काय करू? सायलेन्सर आधी की टायर?

कराडकर_व्ही२
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात सेकंडहँड यामाहा आर१५ व्ही२ घेतली, २०१३ चं मॉडेल, निळी, मीटरला ४१ हजार पडलेत आणि मी तिसरा मालक. कॉलेजात असल्यापासून ही गाडी डोक्यात होती, आता नोकरीला लागलो तर म्हटलं घ्यायचीच. कराड ते सातारा रोज हायवेने जाऊन येऊन करतो आणि दर पंधरा दिवसांनी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे गावाला. पगारातून २५ हजार बाजूला काढलेत फक्त गाडीसाठी. माझा प्लॅन असा की फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर मोकळा सोडणारा, मोठ्या आवाजाचा), ओपन एअर फिल्टर, मागे १४० एमएम रुंद टायर, आणि पैसे उरले तर पिगीबॅक ईसीयू (पेट्रोल किती मारायचं ते ठरवणाऱ्या ईसीयूला जोडायचा जास्तीचा डबा). कारण असं की हायवेला गाडी १०० च्या पुढे नुसती ओरडते, पळत नाही, मित्राची त्याच मॉडेलची गाडी सहज पुढे जाते. घाटात पण वळणात पुढचं चाक कुठे चाललंय ते कळत नाही, मग मी आपोआप स्लो होतो. ब्रेक ठीक आहेत पण लिव्हर जरा जास्त आत जातो. कुठला सायलेन्सर घेऊ, आणि हे सगळं एकदम करू की एकेक करत जाऊ?

घाटमाथा_कोल्हापूर
भावा गाडी झकास निवडलीस, आधी ते सांगतो. २००८ ला पहिली आर१५ आली तेव्हापासून या फ्रेमवर माझा जीव आहे, माझी पण व्ही२ च आहे, अजून मीच चालवतो. पण तुझी पोस्ट दोनदा वाचली आणि मला तरी एकच गोष्ट दिसते, तुझी गाडी कमी पॉवरची नाही, तुझी गाडी दमलीय. १३६ किलोची गाडी, १७ घोड्यांचं इंजिन, यात घाटात तुला कमी पडतंय ते इंजिन नव्हे. वळणात पुढचं चाक कळत नाही आणि लिव्हर आत जातो हे तू शेवटी असंच लिहून टाकलंस, मला विचारशील तर पोस्टची सुरुवात तिथून व्हायला पाहिजे होती.

पैसे खर्च करायच्या आधी रविवारी सकाळी एक तास काढ आणि हे बघ. गाडी अशी उभी कर की पुढचं चाक अधांतरी राहील, दोन माणसं लागतील, एकट्याने करू नकोस. मग हँडल एका बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरव. बरोबर मध्ये आल्यावर किंचित अडकल्यासारखं होतं का? बारीक खाचेत बसल्यासारखं? तसं होत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. गाडी सरळ जाते तेव्हा काही जाणवत नाही पण वळणात टाकताना त्या खाचेतून हँडल बाहेर काढावं लागतं, म्हणून तुला पुढचं चाक परकं वाटतं. तसंच चाक दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवून बघ, खट्ट आवाज आला की समजायचं. मागच्या चाकाला पण हेच कर, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बुश आणि व्हील बेअरिंग एकदाच कळतील.

मग टायर. साइडला एका अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. खोबणी कितीही दिसू दे, रबर जुनं झालं की कडक होतं, नख रुतवून बघ. पावसात कुंभार्लीला असला टायर घेऊन जाऊ नकोस रे, हे मनापासून सांगतोय.

फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपच्या दोन पायांतलं) कधी बदललंय विचार मागच्या मालकाला. बहुतेक उत्तर येईल, ते पण बदलतात का? माझ्या गाडीचं ३८ हजाराला काढलं तेव्हा डांबरासारखं काळं आणि पाण्यासारखं पातळ होतं, एका पायातून तर दुसऱ्याच्या निम्मंच निघालं. एवढी वर्षं मी म्हणत होतो की गाडी डावीकडे सोपी वळते, उजवीकडे अवघड, माझ्याच अंगवळणी पडलंय. तसं नव्हतं ते.

ब्रेकचा लिव्हर आत जातो त्याची कारणं साधी. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, नवीन असताना त्याचा उकळबिंदू कमीत कमी २३० डिग्री असतो, पाणी मुरलं की १५५ पर्यंत खाली येतो. घाट उतरताना सारखा ब्रेक धरला की आत वाफ होते आणि वाफ दाबली जाते, मग लिव्हर हाताला येतो. त्यात दहा-बारा वर्षांचा रबरी पाइप फुगतो ते वेगळंच. पुढची २६७ एमएमची डिस्क या वजनाला भरपूर आहे, मोठी डिस्क वगैरे लावायच्या भानगडीत पडू नकोस. पॅड, ऑइल, स्टीलच्या जाळीचा पाइप, आणि कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबतो तो भाग) पिना काढून साफ करून ग्रीस. एवढं केलंस की दोन बोटांत गाडी थांबेल.

आणि एक सांग, टॉपला असताना ९० ला आरपीएम किती दिसतो?

पिंपरी_१५०
सायलेन्सरचं मी बोलतो कारण मी लावला होता. पहिला आठवडा भारी वाटतं, खोटं नाही बोलत. पण पाच हजार आरपीएमच्या खाली गाडी पोकळ झाली, ट्रॅफिकमध्ये सारखा क्लच, गिअर सोडला की मागून फटाके. ज्याने बसवून दिला तो म्हणे सेट होईल, काही सेट झालं नाही. इंजिनात जास्त हवा गेली आणि ईसीयू जुन्याच हिशोबाने पेट्रोल मारत राहिला तर मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होणारच, प्लग काढला तर पांढराफटक. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक काका आहेत, बायपास झालेले, सेकंड शिफ्टवरून मी रात्री साडेबाराला यायचो. एकदा त्यांची मुलगी खाली येऊन हात जोडून बोलली. मी दुसऱ्याच दिवशी स्टॉक लावला, तो अजून आहे.

कायद्याचं पण बघून घे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. आवाजासाठी १९०(२) लागतं, पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड. आमच्याकडे पकडलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलर फिरवतात, तुझे निम्मे पैसे त्यातच जातील.

कराडकर_व्ही२
एवढं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं, आभारी आहे दादा. आज भावाला घेऊन सगळं बघितलं. हँडल मध्यावर अडकतं, अगदी तुम्ही म्हणालात तसं, बोटाला खाच कळते. भाऊ म्हणाला हे तर पहिल्या दिवसापासून असेल. मागचा टायर ४११७ आणि पुढचा तर ०८१५, नख रुततच नाही. खरं सांगायचं तर जरा घाबरलो, मागच्याच आठवड्यात बहिणीला मागे बसवून घाटातून आणलं होतं, पाऊस पण होता.
९० ला साडेसहा हजाराच्या आसपास असतो काटा. हे जास्त आहे का?

दातमोज्या
मध्येच घुसतोय पण ९० ला साडेसहा वाचून राहवलं नाही. व्ही२ ला कंपनीचं स्प्रॉकेट (चेन फिरते ते दातेरी चाक) पुढे १५ आणि मागे ४७ दातांचं असतं. सहाव्या गिअरला, १३०/७० च्या टायरवर हिशोब केला तर ९० ला ६२०० च्या आसपास यायला पाहिजे, आणि स्पीडोमीटर खरं तर थोडा चढाच दाखवतो, म्हणजे त्याहून कमीच. तुझा आकडा बघता पुढे १४ चं असणार. डावीकडचं स्प्रॉकेटचं कव्हर काढ, खडूने एका दाताला खूण कर आणि मोज, मागचे पण मोज.

बऱ्याच जणांनी पिकअपसाठी हे केलेलं असतं. पुढचा एक दात कमी म्हणजे मागे तीनेक दात वाढवल्यासारखं, प्रत्येक स्पीडला आरपीएम ७ टक्के जास्त. सिटीत मजा येते, डबलसीट चढाला बरं पडतं, पण हायवेला गाडी ओरडते आणि सहावा संपून पण पाय सातवा शोधत राहतो. एव्हरेज पण जातं. शिवाय पुढचं स्प्रॉकेट छोटं झालं की चेनला जास्त तीव्र वळावं लागतं, ती लवकर झिजते. तुझा मित्र पुढे जातो त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

१४० च्या टायरचं पण सांगून टाकतो. १४०/७० टाकलास तर चाकाचा व्यास १४ एमएम वाढतो आणि तो टायर तुझ्या रिमवर दाबला जाऊन मधूनच टोकदार होतो, मागून रुंद दिसतो पण वळणात गाडी आडवी पडायला जड जाते. कंपनीने २०११ ला व्ही२ काढताना मागे १०० चा १३० केला तेव्हा रिम आणि स्विंगआर्म पण बदलला होता, नुसता टायर नाही. १३०/७० रेडियलच घे, पुढे ९०/८०. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी.

ट्रॅक_सोमवार
मी जरा वेगळं बोलणार. चेन्नईच्या ट्रॅकवर मी आर१५ चालवलीय, फुल एक्झॉस्ट सिस्टीम, फिल्टर आणि पिगीबॅक तिन्ही एकत्र करून, नीट मॅप करून घेऊन. फरक पडतो, आठ हजाराच्या वर गाडी मोकळी होते, तिथे प्रत्येक लॅपला तेच पाहिजे असतं. त्यामुळे मॉडिफिकेशन म्हणजे सगळं वाया असं पोरांना सांगू नये. पण तीनपैकी एकच केलं तर वरच्या पिंपरीवाल्यासारखं होतं. आणि आमच्या ट्रॅकच्या गाड्यांना सुद्धा पहिला खर्च टायर, पॅड आणि फोर्क ऑइल हाच असतो, इंजिनाला हात शेवटी लावतो. रोज कराड-सातारा करणाऱ्याने आठ हजाराच्या वरचे पैसे का भरावेत?

सातारची_स्वाती
कुंभार्लीचं ऐकलं म्हणून लिहितेय, माझं माहेर पोफळीचं. टायर काहीही टाकलास तरी पावसाळ्यात डाव्या कडेला शेवाळ आणि हेअरपिनला ट्रकचं सांडलेलं डिझेल, तिथे लाइन बघूनच जा. आणि लाइटमध्ये स्वस्तातले पांढरे एलईडी घालू नकोस, धुक्यात समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते आणि समोरच्याला पण दिसत नाही. काच आतून धुरकट झाली असेल तर साफ करून घे आणि लाइटचा फोकस सेट करून घे, फार फरक पडतो.

घाटमाथा_कोल्हापूर
दातमोज्या, मला हेच विचारायचं होतं, बरं झालं. कराडकर, आता क्रम असा लाव. कोनसेट, फोर्क ऑइल आणि सील एकाच दिवशी, कारण पुढचं सगळं उघडावंच लागतं, मजुरी एकदाच जाते. टायर त्याच आठवड्यात, ते होईपर्यंत घाटात जाऊ नकोस, गावाला एसटीने जा. चेनसेट पूर्ण बदल, नुसतं पुढचं स्प्रॉकेट नको, जुन्या चेनवर नवे दात महिन्यात खाल्ले जातात. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर बघायला सांग, गरम गाडीवर कोणी फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घातला तर तिथून उठ. इंजिन ऑइल १०डब्ल्यू४०, डब्यावर जासो एमए लिहिलेलं, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो. आणि मेकॅनिकजवळ उभा राहा, काय निघालं ते बघ. गाडी अशीच कळते.

कराडकर_व्ही२
मंडळी, पाच आठवडे झाले, अपडेट द्यायला उशीर झाला. पुढे १४ च होतं! दोनदा मोजलं. आता १५-४७ नवीन सेट, हायवेला ९० ला काटा सहाच्या जरा वर असतो आणि कानाला आराम पडलाय. कोनसेट काढला तेव्हा मेकॅनिककाकांनी खालची वाटी माझ्या हातात दिली, तिला गोळ्यांचे खड्डे पडले होते, नखाने मोजता येत होते. फोर्कच्या दोन्ही पायांतलं ऑइल वेगवेगळ्या रंगाचं निघालं. टायर ९०/८० आणि १३०/७० रेडियल, पॅड, स्टीलचा पाइप, ब्रेक ऑइल. सगळं मिळून १९ हजार ४०० झाले मजुरीसकट.

परवा घाट उतरलो, पाऊस नव्हता पण रस्ता ओला. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर नवीन टायर जपून चालवा म्हणाला होता दुकानदार, ते आधी हायवेला करून घेतले. कोयनानगर सोडलं आणि पहिल्याच हेअरपिनला गाडी मी बघत होतो तिकडे गेली. मी हँडलला काही केलंच नाही, नुसतं बघितलं. आधी मी खांदे आवळून गाडी ओढत होतो हे मला माहीतच नव्हतं. खाली पोफळीला चहाला थांबलो तर मान दुखत नव्हती. मित्र पण होता सोबत, स्पीड मी वाढवलाच नाही पण ब्रेक पूर्वीपेक्षा किती कमी लागला ते जाणवत होतं.

५६०० उरलेत. सायलेन्सर राहू दे, स्टॉकच बरा. मागचा शॉकअप डबलसीटला बसतोय असं वाटतं, खड्ड्यात ठक्क होतं. तो दुरुस्त होतो का की नवीनच घ्यावा लागतो? बहीण म्हणते तिला पुन्हा यायचंय पण मागे कंबर धरते.

घाटमाथा_कोल्हापूर
वाचून लई बरं वाटलं भावा. शॉकअपच्या दांड्यावर ऑइलचा ओघळ दिसतो का बघ आधी, आणि लिंकेजचे (शॉकअप स्विंगआर्मला जोडणाऱ्या सांध्याचे) बुश हाताने हलवून बघ, बरेचदा ठक्क तिथूनच येतं आणि ते चारपाचशेचं काम असतं. फोटो टाक, मग सांगतो.