शब्दचर्चा: ‘साँगबर्ड’ आणि ‘व्होकल लर्निंग’

विज्ञानशिक्षिका, सोलापूर: नववीच्या प्रदर्शनासाठी फलक करतेय. ‘साँगबर्ड’ला ‘गाणारा पक्षी’ आणि ‘व्होकल लर्निंग’ला ‘स्वर-शिक्षण’ चालेल का?

माळावरचा: ताई, ‘गाणारा पक्षी’ म्हटलं की मुलं आधी कोकिळेचं नाव घेणार, आणि नेमकी तीच या गटात नाही. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात काव-काव ऐकत वाढतं, तरी मोठेपणी नर ‘कुऊ’च करतो. त्याची हाक उपजत असते. उलट कावळा वर्गीकरणानं साँगबर्ड आहे. तसेच दयाळ, बुलबुल, चंडोल, चिमणी. म्हणून ‘गायक पक्षीगण’ लिहा आणि खाली कावळ्याचं चित्र लावा. पोरं थांबून विचारतील.

ध्वनिवेडा: ‘शिक्षण’ शब्दात शिकवणारा गृहीत धरला जातो. ‘स्वर-अध्ययन’ बरा. नववीला तर ‘ऐकून आवाज शिकणे’ इतकं सरळच लिहावं. एक भेद मात्र सांगाच: कुत्रा ‘बस’ ऐकून बसतो, पण ते ऐकून त्याचं भुंकणं बदलत नाही. ऐकलेल्याप्रमाणे स्वतःचा आवाज घडवणं म्हणजे स्वर-अध्ययन. गायक पक्षी, पोपट, गुंजनपक्षी, माणूस, देवमासे, हत्ती, सील, काही वटवाघळं अशा मोजक्यांनाच ते जमतं. माकडांना फारसं नाही. म्हणून तर बोलण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पक्ष्यांकडे वळले.

विज्ञानशिक्षिका: आणि गाणं शिकण्याच्या टप्प्यांना काय म्हणू?

ध्वनिवेडा: कच्चं, चाचपडतं, पक्कं गाणं. प्रयोगशाळेत लाडका असलेल्या झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यात फक्त नर गातो. साधारण 25 ते 65 दिवसांच्या वयात तो बापाचं गाणं कानात साठवतो, 35 दिवसांच्या सुमारास स्वतः पुटपुटू लागतो, 90 दिवसांच्या आसपास गाणं पक्कं होतं. पाठ करणं आणि सराव एकमेकांवर चढलेले आहेत, तेव्हा फलकावर तीन वेगळ्या चौकटी काढू नका. पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक कोनिशी यांनी 1965 मध्ये दाखवलं की शुभ्रशिर चिमणीच्या नराला गाणं ऐकून झाल्यावर, पण सरावाआधी बहिरं केलं, तर गाणं बिघडतं. म्हणजे नुसतं पाठ असून भागत नाही, स्वतःचा आवाजही कानावर पडावा लागतो.

मेंदूतली नावं भाषांतरित करू नका. एचव्हीसी हे केंद्र गाण्याचा क्रम आणि वेळ सांभाळतं, तिथून संदेश आरए या दुसऱ्या केंद्रामार्फत सिरिंक्सच्या, म्हणजे श्वासनळीच्या तळाशी असलेल्या आवाजाच्या अवयवाच्या, स्नायूंकडे जातो. एलमॅन नावाचं केंद्र गाण्यात मुद्दाम चढउतार घालतं. पिल्लात ते काही वेळ बंद केलं की चाचपडणं थांबून गाणं एकसारखं होतं. माणसात वाचादोषाशी जोडलेलं फॉक्सपी2 जनुक 2001 मध्ये सापडलं. 2007 मध्ये झेब्रा फिंचच्या मेंदूतल्या एरिया एक्स या गाणं शिकण्याच्या केंद्रात त्याची पातळी कमी केल्यावर पिल्लांची नक्कल अपुरी, चुकीची उतरली.

माळावरचा: फलकाशेजारी दयाळाचा ध्वनिआलेख लावा, म्हणजे आवाजाचं चित्र: आडवा वेळ, खाली खर्ज, वर बारीक स्वर. पहाटे ध्वनिमुद्रण करा. नंतर माळावरचा वारा आलेखाचा खालचा भाग काळा करतो. माइकला फोमचं टोपण घाला. फाइल एमपी3 नको, डब्ल्यूएव्ही, नमुनादर (सॅम्पलिंग रेट) 44.1 किलोहर्ट्झ. फोनमधलं आपोआप आवाज वाढवणं बंद ठेवा, नाहीतर दोन शिट्यांमधली शांतताही खरखरते. आणि ध्वनिमुद्रण त्याच झाडाखाली वाजवू नका. विणीच्या दिवसांत नर ते परक्या नराचं समजून भांडायला येतो आणि घरटं राखायचं राहून जातं.