आइस हॉकीपटूंची टोपणनावं: नोंद कशी ठेवायची?

रंकाळवेस (विचारणा)

आइस हॉकीपटूंच्या टोपणनावांची मराठी सूची करायलोय, वाचनालयाच्या क्रीडाकोशाला पुरवणी म्हणून. बहुतेक खेळाडू कॅनडाचे, नॅशनल हॉकी लीगमधले. तीन ठिकाणी अडलंय. गंप वर्स्लीची नोंद 'गंप'खाली लावायची, की लोर्न जॉन वर्स्ली या कागदोपत्री नावाखाली? बॉबी हलच्या 'द गोल्डन जेट'चं मराठी करायचं का? आणि इंटरनेटवर एकेका खेळाडूला आठ-दहा टोपणनावं चिकटवलेली दिसतात, त्यातलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं?

खासबाग_नोंदवही

सगळ्याला 'टोपणनाव' म्हणू नका, तिथंच घोळ होतो. कुस्तीत आपण किताब आणि बिरुद वेगळं ठेवतो. 'हिंदकेसरी' हा किताब, तो मैदान मारून मिळतो आणि त्याला साल असतं (पहिला १९५९ चा, श्रीपती खंचनाळे यांचा). खाशाबा जाधवांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणतात ते बिरुद. ते कुणी समारंभात दिलेलं नाही, लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांत रुळलेलं आहे. आणि तालमीत जोडीदार ज्या नावानं ओरडतात ती नुसती हाक.

आइस हॉकीत किताब जवळजवळ नाहीतच, पण बाकीचं सगळं आहे. तुमच्या सूचीसाठी तीन प्रकार पुरतील.

रूढ नाव: ज्यानं मूळ नावाची जागाच घेतली. वर्स्लीला गंप म्हणू लागले ते अँडी गंप या चित्रमालिकेतल्या पात्राशी चेहरा जुळायचा म्हणून, आणि पुढं लोर्न मागंच पडलं. हेक्टर ब्लेकच्या धाकट्या बहिणीला 'हेक्टर' म्हणता येईना, ती 'हेक-टो' म्हणायची, त्यातून 'टो ब्लेक' झाला. प्रशिक्षक म्हणून ८ स्टॅन्ली कप (लीगचा विजेतेपदाचा करंडक) जिंकले तेही याच नावानं. ऑब्री व्हिक्टर क्लॅपरला लहानपणी स्वतःचं 'व्हिक' उच्चारता येत नव्हतं, म्हणून 'डिट'. अशांची मुख्य नोंद रूढ नावानंच: 'वर्स्ली, गंप', आणि पहिल्या ओळीत पूर्ण नाव. आपल्याकडं ध्यानचंदांना कोण 'ध्यानसिंग'खाली शोधतं?

बिरुद: 'द ग्रेट वन' (वेन ग्रेट्स्की), 'मिस्टर हॉकी' (गॉर्डी हॉव), 'द रॉकेट' (मॉरिस रिशार). हे शीर्षकात घालायचं नाही. ग्रेट्स्की 'ग्रेट्स्की, वेन' असाच राहील, बिरुद आत, अवतरणचिन्हात.

हाक: पॅट्रिक केनचा 'केनर', ब्रॅड मार्शांचा 'मार्ची', बर्जरॉनचा 'बर्गी'. आडनाव तोडून '-अर' किंवा '-ई' लावायची ही ड्रेसिंग रूमची सवय. अशी हाक जवळपास प्रत्येकाला असते, म्हणून तिला स्वतंत्र नोंद देऊ नका. देत बसलात तर सूची खेळाडूंपेक्षा लांब होईल.

शिवाजी_पूल

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मी लावतो ती कसोटी अशी: एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे हवेत, आणि त्यातला एक खेळाडू खेळत होता त्या काळातला हवा. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी काढलेल्या 'टॉप ५० टोपणनावं' यादीला पुरावा म्हणू नका. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. एकाच शब्दातली तीच चूक तीन संकेतस्थळांवर दिसली तर तो एकच पुरावा मोजायचा.

जुन्या पेपरात शोधताना नाव फक्त इंग्रजीत टाकू नका. मॉन्ट्रियलचे खेळाडू दोन भाषांत गाजलेत. बर्नी जेफ्रिऑन इंग्रजीत 'बूम बूम', फ्रेंचमध्ये 'बूम'चं स्पेलिंगच वेगळं, शिवाय मधे कधी जोडरेघ असते, कधी नसते. प्रत्येक रूप वेगळं शोधावं लागतं. फ्रेंच अक्षरांवरची चिन्हं स्कॅन केलेल्या पानात बहुतेक वेळा हरवतात, तेव्हा चिन्हासह आणि चिन्हाशिवाय असं दोनदा शोधा. 'ला प्रेस' दैनिकाचे जुने अंक क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं डिजिटल करून ठेवलेत, तिथून सुरुवात करा.

तारीख का महत्त्वाची ते सांगतो. 'लिटल बॉल ऑफ हेट' म्हटलं की आज सगळे ब्रॅड मार्शांचं नाव घेतात. २०१२ मध्ये व्हाइट हाउसमध्ये बोस्टनच्या संघाचा सत्कार झाला तेव्हा ओबामांनी त्याला तसं म्हटलं आणि ते जगभर गेलं. पण हेच बिरुद १९९० च्या दशकात पॅट व्हर्बीकला होतं. साल न लिहिता नोंद केली तर मूळ मालक गायब.

तसंच 'द कॅट'. एमिल फ्रान्सिस गोलकीपर होता, चपळाईमुळे मांजर म्हणायचे. १९९० च्या दशकात टोरंटोच्या फेलिक्स पॉटव्हिनलाही 'द कॅट' म्हणायला लागले, तिथं फेलिक्स नावाच्या कार्टून मांजराचा संबंध आहे. नाव एकच, कारणं दोन. म्हणून 'कारण' हा रकाना वेगळा ठेवा, आणि कारणाला पुराव्याचा आकडा नावापेक्षा वेगळा द्या. नाव पक्कं आणि त्यामागची गोष्ट कच्ची, असं वारंवार घडतं.

भवानी_मंडप

भाषांतर करू नका. 'सोनेरी जेट' लिहिलंत की बॉबी हलचा मुलगा ब्रेट याचं 'द गोल्डन ब्रेट' हे बिरुद कळणारच नाही. ते 'जेट' आणि 'ब्रेट' या यमकावर उभं आहे. बॉबीचा भाऊ डेनिस हा 'सिल्व्हर जेट'. तिन्ही नावं एकमेकांना धरून आहेत, एकाचं मराठी केलं की साखळी तुटते. खबिबुलिन या गोलकीपरचं 'बुलिन वॉल' तर आडनाव आणि बर्लिनची भिंत यांच्यावरची कोटी आहे. मूळ उच्चार देवनागरीत लिहायचा आणि पुढं एका वाक्यात अर्थ सांगायचा, एवढंच.

एक अपवाद मात्र करा. बिरुद मुळात दुसऱ्या भाषेत असेल तर त्या भाषेतलं आधी. गी लाफ्लर इंग्रजी प्रेक्षकांचा 'द फ्लॉवर', कारण फ्रेंचमध्ये त्याच्या आडनावाचा अर्थच फूल. पण फ्रेंच प्रेक्षक त्याला 'ल देमॉं ब्लॉं' म्हणायचे, म्हणजे सोनेरी केसांचा राक्षस. ही दोन वेगळी बिरुदं आहेत, एकाचं भाषांतर दुसरं नव्हे. इंग्रजी साधनांवर विसंबलेल्या यादीत दुसरं गळतंच.

उच्चाराचंही बघा. मॉरिस रिशार लिहा, 'रिचर्ड' नको. रोमन स्पेलिंगचा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर पुढं कुणाला शोधता येणार नाही.

रंकाळवेस

मोठीच मदत झाली. एखादी पूर्ण नोंद नमुना म्हणून मिळेल का? आणि गावाच्या नावाची बिरुदं जन्मगावाच्या रकान्याशी जोडू का?

खासबाग_नोंदवही

गावाचं आधी. अजिबात जोडू नका. हॉवी मोरेन्झचं 'स्ट्रॅटफर्ड स्ट्रीक' प्रसिद्ध, पण जन्म मिचेल या गावचा. कुटुंब नंतर स्ट्रॅटफर्डला गेलं. त्याला 'मिचेल मिटिओर'सुद्धा म्हणायचे. बिरुदावरून जन्मगाव भरलं तर एका माणसाचे दोन जन्म होतील. जॉर्ज व्हेझिनाचं 'शिकुटिमी क्युकंबर' जन्मगावाशी जुळतं, पण तो योगायोग समजा, नियम नव्हे. (काकडी म्हणजे दडपणाखालीही थंड राहणारा. ही इंग्रजीतली उपमा मराठी वाचकाला सांगावी लागेल.)

नमुना आंरी रिशारचा घ्या:

मुख्य नोंद: रिशार, आंरी. प्रकार: बिरुद. नाव: 'द पॉकेट रॉकेट'. भाषा: इंग्रजी. कारण: थोरला भाऊ मॉरिस 'द रॉकेट', हा जवळपास १५ वर्षांनी धाकटा आणि चणीनं लहान. कुणी वापरलं: पत्रकार, प्रेक्षक. सर्वांत जुना सापडलेला छापील उल्लेख: दैनिक, तारीख, पान. खेळत असतानाचं की नंतरचं: खेळत असतानाचं. जोडनोंद: मॉरिस रिशार, पावेल ब्युरे ('रशियन रॉकेट').

'सर्वांत जुना सापडलेला' हे शब्द तसेच ठेवा. 'पहिला' लिहू नका. उद्या कुणाला आधीचा अंक सापडला तर फक्त तारीख बदलायची, वाक्य खोटं ठरत नाही.

जोडनोंद आळस न करता भरा, खरी मजा तिथं आहे. मॉरिसचं बिरुद पुढं करंडकावर चढलं: १९९८-९९ पासून हंगामातल्या सर्वाधिक गोलांसाठी दिल्या जाणाऱ्या रिशार करंडकाच्या अधिकृत नावातच 'रॉकेट' आहे. तो पहिल्यांदा मिळाला टीमू सेलान्नेला, म्हणजे 'फिनिश फ्लॅश'ला.

शिवाजी_पूल

अजून एक प्रकार राहिला, तिघांच्या फळीची नावं. तीन फॉरवर्ड एकत्र खेळतात त्याला लाइन म्हणतात, आणि गाजलेल्या लाइनला स्वतःचं नाव असतं. हॉव, लिंडसे, एबल यांची डेट्रॉइटची 'प्रॉडक्शन लाइन'. ब्लेक, लॅक आणि मॉरिस रिशार यांची 'पंच लाइन'. ही नावं खेळाडूच्या खाली नको, फळीचीच नोंद करून तिथं तिघांकडं बोट दाखवा. नाहीतर एकच मजकूर तीनदा लिहाल आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी कराल.

भवानी_मंडप

फळ्यांचा विषय निघालाच आहे तर बोस्टनची 'क्राउट लाइन' बघा. श्मिट, डुमार्ट, बॉअर हे तिघं ऑन्टारिओतल्या किचनरमध्ये वाढलेले. त्या गावाचं नाव १९१६ पर्यंत बर्लिन होतं, वस्ती जर्मन वंशाची. 'क्राउट' हा जर्मनांना हिणवायचा शब्द. दुसऱ्या महायुद्धात ते नाव अडचणीचं झालं आणि काही काळ 'किचनर किड्स' वापरलं गेलं. १९४२ मध्ये तिघंही कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाले.

असं नाव गाळायचं नाही, पण 'कुणी वापरलं' आणि 'कधी' हे रकाने रिकामे ठेवून छापायचंही नाही. मूळ निवासी खेळाडूंना सरसकट दिलेलं 'चीफ' (टोळीप्रमुख) तसंच. जॉर्ज आर्मस्ट्राँगसह अनेकांच्या नावापुढं ते दिसेल. ते बिरुद म्हणून नोंदवा, शीर्षकात नको, आणि ते वंशावरून दिलं जायचं हे कारणाच्या रकान्यात स्पष्ट लिहा. खेळाडूनं स्वतः त्याबद्दल काही म्हटल्याचं छापील सापडलं तर तेही जोडा, अवतरण जसंच्या तसं.

आणि महिला खेळाडू विसरू नका. मारी-फिलिप पुलँचं 'कॅप्टन क्लच' (ऐन मोक्याच्या क्षणी खेळ उंचावणारी कर्णधार) आजच्या आज पुराव्यासह भरता येईल: २०१०, २०१४ आणि २०२२ या तिन्ही ऑलिम्पिक अंतिम सामन्यांत सुवर्ण ठरवणारा गोल तिचा. ती अजून खेळतेय तोवर पुरावे गोळा करणं सोपं आहे. बातमी सापडली की पानाची प्रत त्याच दिवशी जतन करा, नुसता दुवा ठेवू नका. दुवे दोन-चार वर्षांत मरतात.

रंकाळवेस

'ल देमॉं ब्लॉं' आणि 'द फ्लॉवर' आत्ताच वेगळे केले. 'क्राउट लाइन'साठी फळीचा वेगळा तक्ता उघडतोय. मोरेन्झच्या नोंदीत जन्मगाव स्ट्रॅटफर्ड पडलं होतं, ते मिचेल केलं.