मदत हवी आहे: जीप गरम व्हायली, लाइटीचाबी घोळ, परवा घाट चढायचाय

बालाघाटी_५४०
नमस्कार मंडळी. जीप लई गरम व्हायली, लाइट पण मंद पडायली. दोन मिस्त्री करून झाले. एक म्हणतो हेड पॅकिंग (इंजिनच्या वरच्या भागाखालचं) गेलं, हेड खोला. दुसरा म्हणला बॅटरी बदला, बदलली, चार दिवस बरी चालली अन् पुन्हा तेच. पाणी बरोबर आहे, ऑइल बरोबर आहे. गंमत म्हणजे दिवसा गावात फिरवली तर काटा मधी राहतो अन् रात्री थंड हवेत जास्त गरम होती, हे कामून व्हायलंय ते कुणीच सांगंना. परवा तेलगावहून पाहुणे आणायचेत, म्हणजे धारूरचा घाट आलाच, अन् आबा म्हणायलेत जीपच न्यायची. माहीत असंल त्यानं लवकर सांगा, उगं "चांगल्या मिस्त्रीला दाखवा" म्हणू नका, दाखवून झालंय.

पाना_दहा_अकरा
राव, जीप कोणती, इंजिन कोणतं, साल कोणतं? पाणी उकळून बाहेर येतंय का नुसता काटा चढतोय? लाइट मंद म्हणजे गाडी चालू असताना का बंद असताना? इथं कुणी पोपट घेऊन बसलेलं नाही चिठ्ठी काढायला.

बालाघाटी_५४०
महिंद्राची एमएम ५४०, नावातच लिहिलंय की माझ्या. ९३ ची, प्युजोचं २११२ सीसी इंजिन. पाणीबी येतंय अन् काटाबी चढतो. सकाळी सेल्फ मारला की घर्रर्र करून बसतो, तीन चार डाव मारावा लागतो. हिटर प्लग मागच्या थंडीतच टाकलेत, ते विचारू नका.

जिप्सीवाला_खुलताबाद
सेम प्रॉब्लेम मला होता. म्हैसमाळ चढताना निम्म्यात बंद पडायची. इंजिनजवळ पेट्रोल ओढायचा पंप असतो, त्यात वाफ धरते उन्हाची. ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं, दहा मिनिटं सावलीत थांबायचं, अर्ध्या सेल्फमध्ये चालू. माझी मारुती जिप्सी ८८ ची ९७० सीसी कार्बोरेटरवाली आहे, ९६ ला १२९८ सीसीची जिप्सी किंग आली तिची गोष्ट वेगळी.

पाना_दहा_अकरा
भाऊ त्यांची डिझेल आहे.

जिप्सीवाला_खुलताबाद
माहितीय. मी फक्त अनुभव सांगितला. फडकं ठेवायला काय जातंय.

डिझेल_आण्णा
थर्मोस्टॅट वॉल, इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवतो तो, काढून फेका. आपल्याकडं ४२-४३ डिग्री ऊन, इथं त्या वॉलचं कामच नाही, तो थंड देशातल्या गाड्यांसाठी असतो. माझ्या कमांडर जीपचा २००४ साली काढला, आजपर्यंत काटा निम्म्याच्या वर गेला नाही. फुकटातलं काम आहे, दोन बोल्ट.

जुना_वर्कशॉपवाला
आण्णा, हे तुम्ही प्रत्येक धाग्यावर सांगता. काटा निम्म्याच्या वर जात नाही कारण इंजिन तापतच नाही. डिझेल इंजिन थंड चाललं की डिझेल जास्त खातं, ऑइल लवकर काळं होतं, रिंग-लायनर झिजतात. एसटीच्या चिकलठाणा वर्कशॉपमध्ये ३० वर्षं काढलीत मी. वॉल अडकलाय असं वाटलं तर काढा, पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात सोडा, उघडतो का बघा. उघडला तर पुसून परत बसवा, नाही उघडला तर नवा घ्या. फेकू नका.

डिझेल_आण्णा
तुमच्या वर्कशॉपच्या गाड्या घाटात बोनट उघडून उभ्या असायच्या ते आम्ही बघितलंय.

जुना_वर्कशॉपवाला
त्या ड्रायव्हरनी ओढ्याचं पाणी टाकल्यामुळे. असो.

बालाघाटी_५४०
तुमचं भांडण झालं असंल तर माझ्या जीपचं सांगता का?

लातूरचा_ऊन्हाळा
पाणी कोणतं टाकता? ओढ्यावरून आठवलं. बोअरचं टाकत असाल तर तिथंच मेख आहे. आपल्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की चहाच्या पातेल्याला महिन्यात पांढरं पापुद्रं धरतं, तेच रेडिएटरच्या नळ्यात आतून बसतं. वरून जाळी किती धुवा, आतून नळी बारीक झालेली असती. सपाटीला चालून जाती, चढाला इंजिन जोर करायला लागलं की उकळती. आम्ही तर २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलेली माणसं, पाण्याची किंमत आम्हाला विचारा. तेव्हा लोक घागरीसाठी नंबर लावायचे अन् आमचा शेजारी रात्री गुपचूप ट्रॅक्टरच्या रेडिएटरला टँकरचं गोडं पाणी टाकायचा. म्हणायचा माणूस बोअरचं पिऊ शकतो, इंजिन नाही.

बालाघाटी_५४०
बोअरचंच टाकतो. दुसरं कुठलं टाकणार. रेडिएटर साफ आहे म्हणलं ना, मीच प्रेशरनं धुतला.

लातूरचा_ऊन्हाळा
बाहेरून.

बालाघाटी_५४०
हा, बाहेरून.

मोंढा_नाका
जुन्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली का? १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते. आणि १५ वर्षांनंतर पासिंग दर ५ वर्षांनी. नसंल केलं तर गरम होण्याआधी दंडच गरम पडंल.

पाना_दहा_अकरा
मोंढा नाका, धागा चुकला तुमचा.
बालाघाटी, हेड पॅकिंगचं आधी मिटवून टाका. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा, एकसारखे बुडबुडे येतात का बघा. वरचा होज पाइप मिनिटभरातच दगडासारखा टणक होतो का बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय का बघा. यातलं काहीच नसंल तर हेड खोलू नका. आणि झाकण थंड असतानाच उघडा, माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत अजून डाग आहे.

सोनपेठची_लेक
दादा, मला तुमची एक गोष्ट खटकली आणि सगळे तिला सोडून पुढं गेलेत. रात्री जास्त गरम. रात्री तुम्ही वेगळं काय करता? लाइट लावता. घराबाहेर जा, जीप चालू करा, पाच मिनिटं उभी ठेवा, काट्यावर नजर ठेवून हेडलाइट लावा. काटा लगेच हलला का ते सांगा. इंजिन काही सेकंदात गरम होत नसतं.

बालाघाटी_५४०
ताई आत्ताच करून आलो. लाइट लावली की काटा टुणकन वर, बंद केली की खाली. चार डाव केलं. बायको म्हणली काय खेळायलाव अंधारात. म्हणजे मीटर खराब?

सोनपेठची_लेक
मीटर चांगलं असावं. अर्थिंग गेलंय. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं म्हणजे बॉडीपासून तुटलेलं, म्हणून इंजिनपासून चेसीला एक जाड पट्टी किंवा केबल असते. ती सैल झाली, गंजली की डायनामोचा करंट नीट परत फिरत नाही. लाइट लावली की इंजिन आणि बॉडी यांच्यात फरक पडतो आणि टेम्परेचरचा सेन्सर इंजिनवर असल्यामुळे मीटर फसतं, काटा वर दाखवतं. लाइट मंद, सेल्फ जड, नवी बॅटरी चार दिवसांत खाली, सगळं त्याच्यातच बसतं. आता एक विचारते, सेल्फ मारल्यावर एखादी केबल गरम लागते का? स्टॉपरची (इंजिन बंद करायची), अ‍ॅक्सिलरेटरची?

बालाघाटी_५४०
स्टॉपरच्या केबलचं प्लास्टिक वितळलंय, फायरवॉलमधून (इंजिन अन् केबिनच्या मधल्या पत्र्यातून) जाती तिथं. गुळासारखं ओघळून परत गोठलंय. मी म्हणलं इंजिनच्या गरमीनं झालं असंल.

जुना_वर्कशॉपवाला
झालं. सेल्फचा करंट त्या बारीक केबलमधून घरी चाललाय. सेल्फ शेकड्यानं अँपिअर ओढतो, जाड रस्ता बंद असला की मिळंल त्या तारेतून जातो. जाळ लागायचा बाबा. आधी ते बघा, घाट नंतर. अलीकडं गिअरबॉक्स उतरवला होता का?

बालाघाटी_५४०
हो, दोन महिन्यांमागं क्लच प्लेट टाकली.

पाना_दहा_अकरा
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं की राव! अर्थिंगची पट्टी बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कव्हरच्या) बोल्टला असती बऱ्याच जीपमध्ये. गिअरबॉक्स उतरवताना काढली अन् लावायची राहिली.

बालाघाटी_५४०
क्लचचा अन् लाइटीचा काय संबंध म्हणून नाही सांगितलं. आता खाली शिरतो.

डिझेल_आण्णा
अर्थिंग करा काय करायचं ते, पण पाणी खरंच बाहेर येतंय म्हणले ना ते? काटा फसतो, पाणी फसत नाही. वॉल.

सोनपेठची_लेक
आण्णा, अर्धं बरोबर बोललात. उकळणं खरं आहे, ते वेगळं शोधावं लागणार. दादा, फॅन बेल्ट एकच आहे का, त्याच्यावरच वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) आणि डायनामो दोन्ही?

बालाघाटी_५४०
एकच आहे. खालून आलो आत्ता. पट्टी आहे, पण एकच टोक लावलेलं, दुसरं हवेत लोंबायलंय, तेलानं काळं झालेलं, हात लावला तर खाज सुटली. बेल्ट आतल्या बाजूनं आरशासारखा चकचकीत आहे, अंगठ्यानं दाबला तर दोन बोटं आत जातोय.

पाना_दहा_अकरा
मग तो घसरतोय. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर सेंटिमीटरभर गेला पाहिजे, जास्त नाही. चढाला इंजिन जोरात, बेल्ट घसरला की फॅनबी सुस्त, वॉटर बॉडीबी सुस्त अन् बॅटरी चार्जबी होईना. मधनं मधनं पिल्लासारखं किंचाळतं का?

बालाघाटी_५४०
घाटात किंचाळतं. मला वाटायचं बेअरिंग.

जुना_वर्कशॉपवाला
चकाकलेला बेल्ट ताणून चालत नाही, नवा टाका. फार ताणला तर वॉटर बॉडीचं बेअरिंग जाईल. पट्टीची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासून लख्ख करा, चेसीवर जिथं बसते तिथला रंग पण खरवडा, रंगावर अर्थिंग होत नसतं. मग वरून थोडं ग्रीस. व्होल्टमीटर असंल तर एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे. रेसमध्ये बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं की डायनामो चांगला. आणि वितळलेली स्टॉपर केबल तशीच ठेवू नका, उद्या गाडी बंद करायला ओढाल अन् हातात येईल.

जिप्सीवाला_खुलताबाद
फडकं मात्र ठेवा बरोबर.

संभाजीनगर_फोरबायफोर
५४० द्यायची आहे का? कागद क्लिअर असतील तर सांगा, रोख.

मोंढा_नाका
कागदांचंच विचारत होतो मी.

बालाघाटी_५४०
मंडळी, अपडेट. काल सकाळी पट्टी लावली. पाना मारायच्या आधी व्होल्टमीटर उसना आणून बघितलं, सेल्फ मारताना बॅटरी मायनस ते इंजिन ३.१ व्होल्ट. लावल्यावर ०.२. सेल्फ असा फिरला की आबा ओसरीतून उठून आले, म्हणले नवा सेल्फ टाकला का. लाइट लावली तर काटा हलत नाही जागचा. बेल्ट धारूरातच भेटला. चार्जिंग १४.१ दाखवतंय. स्टॉपर केबल पण बदलली. हेडचं तपासलं, बुडबुडे नाहीत, ऑइल साफ.
मग तेलगावला गेलो. घाटात येताना पाहुणे पाच, वर ज्वारीचं एक पोतं. निम्म्या घाटापर्यंत काटा मधी, शेवटच्या वळणांना थोडा चढला पण लालमध्ये नाही गेला, पाणी नाही आलं. वर आल्यावर लगेच बंद नाही केली, दोन मिनिटं तशीच चालू ठेवली.

लातूरचा_ऊन्हाळा
शेवटच्या वळणांना चढला ना? रेडिएटर उतरवा.

बालाघाटी_५४०
उतरवलाय. आज रॉडिंगला (नळ्या आतून सळईनं साफ करायला) दिला. कारागिरानं वरची टाकी सोडवून दाखवली, निम्म्या नळ्या पांढऱ्या दगडानं बंद, सळई आतच जाईना. तुमचं बरोबर होतं, बाहेरून धुतला मी. आता कुलंट अन् आरओचं पाणी.

डिझेल_आण्णा
अन् वॉल?

बालाघाटी_५४०
पातेल्यात उकळून बघितला, उघडला. परत बसवला. पातेलं चहाचं होतं, त्याच्यावरून घरात वेगळंच गरम झालंय.

पाना_दहा_अकरा
रॉडिंगला किती घेतले? माझाबी द्यायचाय.

संभाजीनगर_फोरबायफोर
मी जीपचं विचारलं होतं. द्यायची का?

बालाघाटी_५४०
नाही द्यायची. रॉडिंगचं उद्या रेडिएटर आणायला गेलो की सांगतो, भाव अजून बोललाच नाही.