पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या वाळवंटातील पहिला आठवडा: पाणी आणि रोजचे अंतर कसे ठरवावे?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी, सुमारे ४,२६५ किलोमीटर लांबीची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही पायवाट आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. मला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघण्याचा परवाना मिळाला असून कॅलिफोर्नियातील कॅम्पो या सीमेलगतच्या गावापासून केनेडी मेडोजपर्यंतचा, म्हणजे वाळवंटी समजला जाणारा साधारण १,१३० किलोमीटरचा भाग चालण्याचा विचार आहे.

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाण्याची आमच्या घरची रीत आहे, त्यामुळे ऊन आणि लांबचे अंतर या दोन्हींची सवय आहे. मात्र गडाच्या वाटेवर जागोजागी पाणपोया असतात, अन्नदान चालू असते आणि पाठीवर ओझेही फारसे नसते. तिकडे यातले काहीच नसेल. कॅम्पोनंतर भरवशाचे पहिले पाणी ३२ किलोमीटरवर, लेक मोरेना येथे मिळते असे वाचले. अशा स्थितीत पहिल्याच दिवशी लेक मोरेना गाठावे, की वाटेत मुक्काम करावा? पाणी किती लिटर घ्यावे?

लळिंगचा वाटसरू (मूळ धुळे, सध्या सॅन डिएगो)

भाऊ, मी या भागात राहतो आणि ही सुरुवातीची वाट चाललेलो आहे. माझे स्पष्ट मत असे की पहिल्या दिवशी लेक मोरेना गाठण्याचा आग्रह धरू नये. कॅम्पोजवळचे आरंभाचे ठिकाण सुमारे ८९० मीटर उंचीवर आहे आणि सुरुवातीची वाट चढउतारांची असली तरी सोपी वाटते. पण साधारण पंचविसाव्या किलोमीटरला ती हाउजर कॅन्यन नावाच्या दरीत उतरते. तेथील ओढा बहुधा कोरडा असतो, आणि त्यानंतर सुमारे ३०० मीटरची उभी चढण लागते. सकाळी निघालेला माणूस त्या चढणीला नेमका भर दुपारी पोहोचतो, तेव्हा त्याच्याजवळचे पाणी संपत आलेले असते. उन्हाचा त्रास होऊन लोकांची सुटका करावी लागण्याचे प्रसंग या टप्प्यात घडलेले आहेत.

म्हणून पाच ते सहा लिटर पाणी घेऊन निघावे, दुपारी अकरा ते चार सावली शोधून थांबावे, संध्याकाळी दरीच्या अलीकडे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दरी ओलांडून ऊन चढण्याच्या आत लेक मोरेना गाठावे. सहा लिटर म्हणजे सहा किलोंचे जादा ओझे, हे खरे. पण ते तासातासाला हलके होत जाते. रात्री पाणी उकळून शिजवावे लागेल असे अन्न पहिल्या मुक्कामाला नेऊच नये. आपल्याकडच्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी यांना पाणी लागत नाही, आणि त्या दोन दिवस सहज टिकतात.

सीमेवरून रोज ५० जणांना परवाना मिळतो, त्यामुळे पहिल्या दिवशी आजूबाजूला पुष्कळ लोक असतात आणि त्यांच्या वेगाने चालण्याचा मोह होतो. तो टाळावा.

परिचारिका (जळगाव)

वरील सल्ल्याला शरीराच्या बाजूने थोडी जोड देते. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि घामावाटे जाणारे मीठ कमी होते. एप्रिलच्या तोंडावर आपल्याकडे पारा चाळिशीला टेकलेला असतो, म्हणून निघण्यापूर्वीचे दोन आठवडे भुसावळातच रोज तासभर ओझे घेऊन चालावे. हा बदल कायमचा नसतो. वातानुकूलित खोलीत काही आठवडे काढल्यास तो ओसरतो, तेव्हा तिकडे पोहोचल्यावर निघण्यास फार उशीर करू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घाम भरपूर जात असताना केवळ साधे पाणी सतत पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. डोके दुखणे, मळमळ आणि गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, आणि सोबतचे लोक चांगल्या हेतूने आणखी पाणी पाजतात. त्यासाठी ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत, खारे शेंगदाणे खात राहावे आणि तहानेच्या मानाने प्यावे. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे तो किती गेला हे कपड्यांवरून कळत नाही. लघवीचा रंग गडद होऊ लागला की ती सूचना समजावी. बोलण्यात असंबद्धता आली, तर चालणे तत्काळ थांबवून सावलीत अंग ओले करावे आणि मदत मागवावी.

मुक्ताईनगरची वारकरी

भाऊ, मी मुक्ताईंच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत जाते. ही वाट महिनाभराहून अधिक काळाची असते, आणि पहिल्या चार दिवसांत पाय सांभाळले नाहीत तर पुढचे दिवस फार कठीण जातात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. तळपायाला चटका जाणवला की त्याच ठिकाणी बसून बूट काढावा आणि चिकटपट्टी लावावी. पुढच्या मुक्कामाची वाट पाहिली की फोड आलाच. उन्हात पाय सुजतात, म्हणून बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्यावेत, नखे कापलेली असावीत आणि दुपारच्या विसाव्यात मोजे बदलून घामाचे मोजे वाळत घालावेत. आमचे सामान गाडीतून जाते, तुमचे पाठीवर असणार. त्यामुळे वारीतील अंतरावर तुमचा हिशेब बसवू नका.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. वाटेत मुक्काम करण्याचे निश्चित केले आहे. ताई, बुटांचे माप बदलून घेतो. लेक मोरेनाच्या पुढचा आणखी एक प्रश्न आहे: काही ठिकाणी स्वयंसेवक पाण्याचे साठे ठेवतात असे ऐकतो, त्यांवर विसंबावे का?

लळिंगचा वाटसरू

विसंबू नये. साठा दिसला तर गरजेपुरते घ्यावे, पण हिशेब तो नाही असे धरूनच करावा. अडुसष्टाव्या किलोमीटरच्या सुमारास माउंट लगुना लागतो. तेथे उंची सुमारे १,८०० मीटर असून एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो, म्हणून वाळवंट आहे असे समजून गरम कपडे घरी ठेवू नका. तेथून वाट सुमारे ७०० मीटरपर्यंत उतरून १२४व्या किलोमीटरला सिझर्स क्रॉसिंगला येते, आणि खरी परीक्षा त्यापुढे आहे. सॅन फिलिपे टेकड्यांमधून बॅरल स्प्रिंगपर्यंत जवळपास ३९ किलोमीटर भरवशाचे नैसर्गिक पाणी नाही आणि झाडांची सावलीही जवळजवळ नाही. मधल्या साठ्याचे नाव तुम्ही सर्वांच्या तोंडी ऐकाल. तरी सिझर्स क्रॉसिंगवरून ज्युलियन या गावी जाऊन एक रात्र विसावा घ्यावा, सहा-सात लिटर पाणी भरावे आणि ऊन उतरल्यावर चढणीला लागावे. बॅरल स्प्रिंगनंतर वॉर्नर स्प्रिंग्स फार दूर नाही. ते १७६व्या किलोमीटरला आहे. पहिल्या आठवड्यात तेथवर पोहोचलात तरी पुरे, आणि दोन दिवस अधिक लागले तरी परवान्याला त्याने काही बाधा येत नाही.