मिशनच्या शाळेला वर्गणी द्यावी का?

जेलरोडकर: आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर शाळेच्या प्रयोगशाळेसाठी वर्गणी मागितली. एकाने लगेच लिहिलं, "चर्चला काय कमी आहे?" बाकीचे गप्प. म्हणून इथे विचारतोय.

माझं मत, द्यावी. शाळा कॅथलिक संस्थेची, पण अनुदानित. सरकारकडून पगार येतात. वेतनेतर अनुदान कधी आणि किती येईल ते देव जाणे. बाकं, छप्पर, प्रयोगशाळा संस्थेनेच बघायची. सिस्टरांचा पगारही त्यांच्या हातात राहत नाही, त्यांच्या धर्मसंघाकडे जातो. आमच्या वर्गात प्रेसमधल्या कामगारांची पोरं होती, तशीच साहेबांचीही. गणिताच्या सिस्टर शाळा सुटल्यावर आम्हा ढ मंडळींना व्हरांड्यात बसवून अपूर्णांक घोटून घ्यायच्या. छेद समान न करता बेरीज केली की वहीवर लाल रेघ, आणि तेच गणित पुन्हा. घरी क्लासची फी परवडत नव्हती, त्यामुळे मला त्याची किंमत कळते.

सिडकोकर: सिस्टर थोर, मान्य. पण आरटीईचं, म्हणजे गरीब मुलांना खाजगी शाळांत जागा राखणाऱ्या शिक्षण हक्क कायद्याचं काय? कायदा २००९ चा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा त्यातून सुटल्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचा अर्ज भरायला बसलो, तर घराजवळची कॉन्व्हेंट यादीतच नाही! राष्ट्रीय बालहक्क आयोगाचा २०२१ चा अहवाल बघा: ख्रिस्ती शाळांत ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत, आणि अल्पसंख्याक शाळांत वंचित घरांतली जेमतेम ९ टक्के. मग सेवा कुणाची चाललीय?

जेलरोडकर: त्या आकड्यांत लाखभर फी घेणाऱ्या विनाअनुदानित शाळाही आल्या. त्यांना एक रुपया द्या असं मी म्हणतच नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने प्रमती निकालावर शंका घेऊन प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलंय. तोवर कायद्याने सूट असली तरी गरिबाच्या मुलीला प्रवेश द्यायला कोणी हात धरलेला नाही, हे मात्र तुमचं खरं.

गुरुजी_पेठ: मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. पट कमी झाला की आमच्या शाळेवर गदा. तुम्ही शहरवाले वर्गणी काढता ती कॉन्व्हेंटसाठी, आमच्या गळक्या वर्गाला कोणी विचारत नाही. शिवाय माझ्या भाचीला एका इंग्रजी शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलली म्हणून दंड झाला. २०२० पासून मराठी सक्तीची आहे म्हणे!

देवळालीची_आई: गुरुजी, दंडाचं बऱ्याच इंग्रजी शाळांत चालतं, तो काही कॅथलिकांचा मक्ता नाही. माझी दोन्ही मुलं या मिशनच्या शाळेतच शिकली. घरी गणपती बसतो, शाळेने कधी ब्र काढला नाही. पालकांच्या संमतीशिवाय अनुदानित शाळेला धर्मशिक्षण देताच येत नाही, राज्यघटनेचं कलम २८ आहे ना.

सिडकोकर: बरं, देतो वर्गणी. पण पावती शाळेच्या नावाची हवी, आणि खर्चाचा हिशेब ग्रुपवर टाका.

जेलरोडकर: टाकतो. गुरुजी, तुमच्या वर्गाला पत्रे किती लागतील?

गुरुजी_पेठ: मोजून सांगतो. कौलं आहेत, पत्रे नाहीत.