मदत हवी आहे: धर्म समाजाला जोडतो कधी आणि तोडतो कधी?

नमस्कार मंडळी. आमच्या हिंगोलीकडच्या गावात सप्ताहात पोरांसमोर या विषयावर बोलायचंय, आणि गुळगुळीत भाषण मला द्यायचं नाही.

जोडण्याची उदाहरणं जवळच आहेत. नरसीच्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. नांदेडच्या लंगरमध्ये कुणीही कुणाच्याही शेजारी बसून जेवतं. समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमने १९१२ मध्ये हेच मांडलं, की समान श्रद्धा आणि विधी माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात. पण बांधलेल्यांच्या बाहेर कोण राहतं? आपल्याकडं पाणवठे वेगळे होते, आणि त्यालाही धर्माचाच आधार सांगितला जायचा. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये नियमांचा धर्म (सांगितलं तसंच करायचं) आणि तत्त्वांचा धर्म (तत्त्व पाहून काय योग्य ते स्वतः ठरवायचं) असा फरक केला. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यानं श्रद्धाही राहते अन् प्रश्नही विचारता येतो. तो दहावी-बारावीच्या पोरांना कसा समजावू?

तुमच्या गावात देवस्थान, दर्गा किंवा विहाराच्या पुढाकारानं एखादी जुनी रीत खरंच बदलली असेल, पंगतीतली, लग्नखर्चातली, विधवांच्या मानाची, तर सविस्तर लिहा. विरोध कुणी केला अन् तो कसा मावळला, हेही सांगा.