रिजबॅकच्या पाठीवरचा पट्टा: जातीची ओळख की दोषाचे मूळ?

धागाकर्ता: ऱ्होडेशियन रिजबॅक या कुत्र्याच्या कण्यावर उलट्या दिशेने वाढणाऱ्या केसांचा पट्टा असतो आणि खांद्यांमागे त्यावर समोरासमोर दोन भोवरे असावे लागतात. १९२२ साली बुलावायो (आजच्या झिम्बाब्वेतील शहर) येथे या जातीचे निकष ठरले. पुढे २००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, केसवाढीशी संबंधित काही जनुके असलेला गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झाल्याने हा पट्टा उमटतो आणि त्याच बदलामुळे 'डर्मॉइड सायनस' (पाठीच्या किंवा मानेच्या कातडीतून आत खोल जाणारी नळी) या जन्मजात दोषाची शक्यताही वाढते. आईबाप दोघांकडूनही हा बदल मिळालेल्या पिल्लांना धोका अधिक असतो. असे असताना बिनपट्ट्याच्या निरोगी कुत्र्यांना पैदाशीतून बाद करण्याचे समर्थन कसे करायचे?

प्रतिसाद, पैदास करणारा: पट्टा काढून टाकला तर उरेल तो एक तांबूस रंगाचा शिकारी कुत्रा, त्याला रिजबॅक कशासाठी म्हणायचे? शिवाय दोन्हीकडून बदल मिळालेल्या प्रत्येक पिल्लात हा दोष येतोच असे नाही. जाणते लोक पिल्ले विकण्यापूर्वी प्रत्येकाची मान आणि पाठ चाचपून पाहतात व दोष आढळल्यास शस्त्रक्रिया करून घेतात. चार बेजबाबदार माणसांसाठी जातीचा निकषच मोडीत काढणे मला पटत नाही.

प्रतिसाद, पशुवैद्यक: चाचपणीचे महत्त्व मान्य, परंतु तिचा निर्वाळा अंतिम समजू नये. कण्यावरची कातडी चिमटीत उचलून बोटांमधून सरकवली की त्वचेपासून खोल जाणारा दोरीसारखा धागा हाताला लागतो. क्वचित वर एक बारीक भोक आणि त्यातून डोकावणारे चार केसही दिसतात. ही नळी कातडीखालीच संपली तर ठीक, पण काही पिल्लांत ती मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत पोहोचते, आत केस व स्निग्ध स्राव साचतो आणि जंतुसंसर्ग थेट मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. अशा नळीचा लहानसा अंश जरी आत राहिला तरी दुखणे उलटते. 'शस्त्रक्रिया करून घेतात' हे वाक्य लिहायला सोपे आहे, एवढेच म्हणतो.

धागाकर्ता: पट्टा काढून टाका असे मी म्हटलेलेच नाही. पट्टा प्रभावी गुण असल्याने तो एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. एकेरी बदल असलेला कुत्रा आणि बिनपट्ट्याची मादी यांची जोडी लावली, तर सरासरी निम्मी पिल्ले पट्ट्याची होतील आणि दुहेरी बदलाचे एकही होणार नाही.

प्रतिसाद, पैदास करणारा: आणि उरलेली निम्मी बिनपट्ट्याची पिल्ले कोण घेणार? गिऱ्हाईक पाठ पाहूनच पैसे मोजते.

धागाकर्ता: तेच तर! गिऱ्हाइकाला ही सवय कुत्र्यांच्या प्रदर्शनांनी लावली. पट्टा नसणे हा बाद ठरवण्याचा दोष नाही, एवढी एक ओळ निकषात बदलली तरी ती पिल्ले विकली जातील.